तावडेकाकांची खुर्ची

तुम्ही संध्याकाळी घरी पोचलात, याची दखल घरच्यांखेरीज कोण घेतं? खरं सांगा.

आमच्या चारकोपच्या सोसायटीत तावडेकाका घेतात. गेटजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून ते बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाची वर्दी देतात. "मार्केटकडून एक. वेग कमी. हातात पिशवी. आपला!" पिशवीवाले कुलकर्णी कसनुसं हसतात. कुरिअरवाला दिसला की, "परका! ओळख दे!"

काका हवाई दलाच्या रडार युनिटमध्ये होते. डोंगरावरच्या अंधाऱ्या खोलीत हिरव्या पडद्यावरचा ठिपका बघायचा आणि ठरवायचं, विमान आपलं की परकं. ते युनिट बंद होऊनही जमाना झाला. मी चळवळीची पत्रकं लिहिणारी मुलगी. असा इतिहास कुणी लिहायचाच नाही, म्हणजे काय? पेन घेऊन बसले.

"लढाई सांगा काका."

"लढाई नाय झाली आमच्याकडे."

"मग झालं काय?"

"उंदरांनी केबल खाल्ली. मग मांजर पाळलं. त्याला पण ड्यूटी लावली."

"काका, मी इतिहास लिहितेय!"

"मग लिही ना. काही झालं नाय, यासाठीच तर पगार होता गो."

सांगताना ते डोंगरावरच असतात. वाऱ्यानं बराकीचा पत्रा वाजतोय, अँटेना गोल फिरतेय. युनिटची एक रीत होती. आपलं विमान ज्याच्या पडद्यावर आलं, त्यानं ते उतरेपर्यंत उठायचं नाही. पाळी संपली, बदली माणूस दारात येऊन उभा राहिला, चहा निवला, तरी नाही. उतरल्याचा फोन आला की हात वर करायचा, मगच खुर्ची सोडायची.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या अध्यक्षांनी नवी गाडी घेतली. काकांनी ती ओळखली नाही आणि वॉचमनला गेट उघडू दिलं नाही.

"अहो तावडे, मी आहे मी!"

"काच खाली करा, मग ठरवू."

गाडीत अध्यक्षांचे व्याही बसलेले. दुसऱ्या दिवशी खुर्ची गच्चीवर गेली आणि गेटवर कॅमेरा आला.

परवा मी माहुलला पत्रकं वाटायला गेले होते. परतले तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. काका गेटच्या खांबाला टेकून उभे. पाय सुजलेले.

"काका, वर जा ना! काकू हाका मारतायत."

"जाणार कसा? सकाळी तू निघालीस तेव्हा मीच होतो इथे. तुझा ठिपका माझ्याकडे."

"मी काय विमान आहे?"

ते हसले नाहीत. "एक माझ्या पडद्यावरून गेला होता. समुद्रावर. ठिपका विझला, फोन आलाच नाय. शेवटी बदलीवाल्यानं हाताला धरून मला उठवला. विमानातल्या त्या पोराचं नावपण ठाऊक नव्हतं मला." खांबावरचा हात त्यांनी काढला. "इथे सगळ्यांची ठाऊक आहेत."

मी हात वर केला. त्यांनीही केला, आणि जिन्याकडे वळले.

कॅमेरा आलेल्याला टिपतो. न आलेल्याची वाट बघत उभा राहत नाही. रविवारच्या सभेत मी हेच बोलणार आहे, आणि ती खुर्ची गच्चीवरून मी स्वतः खाली आणणार आहे. तुमच्याकडे एवढीच मागणी: तुमच्याही गेटवर, गॅलरीत, कट्ट्यावर असं कुणी बसलेलं असेल. आज घरी पोचलात की त्यांच्याकडे बघून हात वर करा. त्यांना उठता येईल.