मालकांचा मुक्काम

आमच्या घराला 'निवास आणि न्याहारी'चा कायमचा परवाना मिळाला आहे. त्या परवान्यानुसार मी या घरात नोकर आहे.

वरचं दुसरं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चाला. मीही तसंच धरून चाललो आहे, कारण ही गोष्ट मला एका यशस्वी व्यवस्थापकाच्या तोंडून सांगायची आहे, आणि तो व्यवस्थापक म्हणजे मी. या धंद्यात लोक का बुडतात? त्यांच्याकडे मी नसतो म्हणून!

मूळ कल्पना आईची. आईची सगळी नोकरी एका मोठ्या कचेरीच्या स्वागतकक्षात गेली. नाव स्वागतकक्ष, काम लोकांना परत पाठवायचं. साहेब आत बिस्किटं खात असायचे आणि आई बाहेर सांगायची, साहेब नाहीत, उद्या या. उद्या आलेल्यालाही तेच. निवृत्त झाल्यावर एकदा जेवताना ती म्हणाली, "दारात आलेल्या माणसाला मला एकदा तरी नुसतं 'या' म्हणायचंय."

बाबांचा घास हातातच राहिला. आईनं स्वतःसाठी काही मागितल्याचं आमच्यापैकी कोणालाच आठवत नव्हतं. लगेच वरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या आणि दाराबाहेर पाटी लागली. परवाना मात्र तात्पुरता होता, नुसत्या घराच्या पत्त्यावर; मालकाचं नाव तपासणीनंतर चढणार होतं. पर्यटन खात्याचं माणूस कधीतरी न सांगता येऊन घर बघणार, पसंत पडलं तर कायमचा, नाहीतर पाटी उतरवायची.

मग मी सूत्रं हाती घेतली. तिघांना पांढरे शर्ट, काळ्या पँटी, छातीवर बिल्ले. आईच्या बिल्ल्यावर 'स्वागत', बाबांच्या 'सेवा', माझ्या 'व्यवस्थापक', जरा मोठ्या अक्षरात. स्वतःच्या घरात बिल्ला कशाला, असं बाबांनी विचारून पाहिलं. मी त्यांना शिस्त या विषयावर इतकं ऐकवलं की शेवटी त्यांनी स्वतःच पिन मागितली. भिंतीवरचा आईबाबांच्या लग्नाचा फोटो काढला. त्यात बाबांचा चेहरा पाकीट हरवल्यासारखा आहे, आलेल्या गिऱ्हाईकावर काय छाप पडणार? तिथे बर्फाचा डोंगर लावला. आणि दारावर ठळक रंगवून घेतलं : 'हे घर तुमचंच आहे.'

लोक हे वाचतील याची मला कल्पना होती. मान्य करतील याची नव्हती.

पहिले आले लिफ्टवाले काका. इस्पितळाची लिफ्ट दुरुस्त करायला आले होते, थोडक्या मुक्कामासाठी. निघायच्या सकाळी बूट घालून, बॅग उचलून दारात उभे राहिले तेव्हा आई म्हणाली, "अजून राहिला असतात तर बरं वाटलं असतं." हे आपण सगळेच म्हणतो. समोरच्याचे बूट घालून झालेत याची खात्री करूनच म्हणतो. काकांनी बूट काढले.

मग आली भुंगेताई. ही भुंग्यांवर संशोधन करणारी विद्यार्थिनी. तिला भरपूर उजेडाची खोली हवी होती, आणि घरातला सगळा उजेड नेमका माझ्या खोलीत. माझ्या पुस्तकांच्या फळीवर बाटल्या आल्या, बाटल्यांत भुंगे आले. खरं सांगायचं तर त्या फळीकडे इतक्या आस्थेनं याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर बेल वाजत राहिली आणि आई 'या' म्हणत राहिली. वरच्या खोल्या भरल्या, माझी गेली होतीच, मग आईबाबांचीही गेली. बाबांची खाट जिन्याखाली आली. आईची गादी कोठीघरात, साबणाच्या खोक्यांशेजारी. मी इस्त्रीच्या टेबलावर झोपू लागलो. कपडे आले की उठायचं, घड्या झाल्या की परत पडायचं. एकदा मी आईला समजावून पाहिलं की जगातली उत्तमोत्तम हॉटेलं जागा नाही असं सांगतात, त्यानं वजन वाढतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी टेबलावरची चादर आणखी नीट अंथरली.

आणि एका सकाळी तपासणीच्या बाई आल्या.

चष्मा कपाळावर, खांद्याला जाड बॅग, आणि चेहरा असा, की आशाळभूत घरांतली अंडी-टोस्ट खाऊन खाऊन माणसाचा जगावरचा विश्वास उडावा. दार उघडताच आम्ही तिघे इस्त्रीच्या कपड्यांत रांगेनं उभे राहिलो आणि तालमीत बसवल्याप्रमाणे एका सुरात म्हणालो, "सुस्वागतम. प्रवास कसा झाला?"

आमच्या मागे, बाबांच्या आरामखुर्चीत, बाबांचा जुना स्वेटर घालून लिफ्टवाले काका बसले होते. पाय स्टुलावर, पेपर तोंडासमोर. जिन्यावरून डोक्याला टॉवेल गुंडाळलेली भुंगेताई तणतणत उतरली.

"काका, परत सगळं गरम पाणी संपवलंत?"

"लवकर उठत जा मग."

बाईंचा चेहरा खुलला. त्या थेट आमच्यामधून पलीकडे गेल्या आणि काकांसमोर बसल्या. म्हणाल्या, खात्याचा एकच नियम कडक आहे, मालकाचं कुटुंब घरात राहायला हवं. लोक स्वतः दुसरीकडे राहतात आणि नोकरांवर घर सोडतात. इथे मात्र पाऊल टाकताक्षणी घरपण जाणवलं. मग भुंगेताईकडे बघून कौतुकानं विचारलं, "मुलगी?"

"छे हो," काका म्हणाले, "ती फक्त भुंग्यांची आहे."

बाईंनी मान डोलावली. सगळे बाप असंच बोलतात.

मी पुढे होऊन खुलासा करणार होतो, पण माझ्याच नियमानुसार पाहुण्यांचं बोलणं मध्येच तोडायचं नव्हतं. तेवढ्यात बाई घर बघायला उठल्यासुद्धा. जिन्याखाली थांबल्या. ही खाट कोणाची? बाबा म्हणाले, माझी. कोठीघरातली गादी? आई म्हणाली, माझी. इस्त्रीच्या टेबलावरची उशी बघून त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि वळून काकांना म्हणाल्या, "माणसांना असं ठेवतात का?"

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी यांना कधीचा सांगतोय तुम्ही वर झोपा, हे ऐकतच नाहीत, असं ते पुटपुटले. तेही खरंच होतं. बाई म्हणाल्या, सगळे मालक हेच सांगतात.

तेव्हा आईनं हातातला ट्रे खाली ठेवला. "बाई, घर माझं आहे. हे माझे यजमान, हा मुलगा. ते दोघं पाहुणे आहेत."

बाईंनी आईच्या बिल्ल्याकडे पाहिलं. मग काकांच्या स्वेटरकडे. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या की हे खरं असेल तर मालकाच्या कुटुंबाला या घरात एकही खोली नाही, आणि तसं असेल तर आजच्या आज पाटी उतरवावी लागेल. तेव्हा नीट विचार करून बोला. काही पुरावा आहे का? एखादा घरचा फोटो?

मी बर्फाच्या डोंगराकडे बोट दाखवलं. "इथेच होता."

बाईंनी सभ्यपणे थोडा वेळ डोंगर पाहिला.

पुरावा होता. आईचं ओळखपत्र, आईबाबांच्या खोलीतल्या कपाटात. त्या खोलीत बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणारे नवरा-बायको झोपले होते, रात्रभराचा प्रवास करून पहाटेच आले होते. मी दार वाजवायला धावलो, तर आई माझ्या आधी दारासमोर उभी.

"उठवायचं नाही."

"आई, कपाटात कार्ड आहे."

"झोपायला आलेत ते आपल्याकडे. त्यांची झोप मोडून मी मालकीण ठरणार असेन, तर नको मला."

बाबा हळूच म्हणाले, "अगं, पाटी जाईल."

"जाऊ दे," आई म्हणाली. एवढंच म्हणाली, पण बिल्ल्याची पिन काढायला लागली तेव्हा तिला ती सापडेना. ज्या बाईनं पाटी स्वतः रोज फडक्यानं पुसली, तिची ही अवस्था! माझ्या व्यवस्थापनात यासाठी कुठलंही कलम नव्हतं. आतून ट्रॉम्बोनवाल्यांचं घोरणं येत होतं, तेही जरा सुरातच.

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि आईकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना काय उमगलं, काय नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्या टेबलाशी बसल्या, भराभर लिहिलं आणि कागद काकांपुढे सरकवला. मालकांची सही.

काका दोन्ही हात मागे घेत म्हणाले, "मी पाहुणा आहे हो इथे."

"स्वतःच्या घरात स्वतःला पाहुणा समजणारा मालक मी पहिल्यांदा पाहतेय," बाई म्हणाल्या आणि तेही लिहून घेतलं. मग पेन पुढे करून, आवाज उतरवून म्हणाल्या, "सही झाली नाही तर पाटी जाते, काका."

काकांनी आईकडे पाहिलं. आईनं बंद दाराकडे. काकांनी सही केली.

परवाना आला. निवासी मालक : लिफ्टवाले काका. सोबत कन्या, भुंग्यांसह. अट : मालकांनी कायम याच घरात राहावं. कर्मचारी तीन, अत्यंत नम्र, झोपण्याची सोय सुधारावी. इस्पितळाची लिफ्ट केव्हाच दुरुस्त झाली होती, पण सरकारी अट मोडायची कशी? काका आपल्या गावी जाऊन ट्रंक घेऊन आले. तिकडे त्यांना 'राहा' म्हणणारं कोणी नव्हतं, हे त्यांनी ट्रंक उतरवताना सहज सांगितलं. आईनं चहा टाकला.

आता घर कायम भरलेलं असतं. बेल वाजली की आई जवळजवळ पळतच दाराशी जाते. काका मालकी मनावर घेतात. परवा बाबांनी त्यांच्याकडे मित्राला भेटायला जायची रजा मागितली, तर ती अर्ध्या दिवसाचीच मंजूर झाली. आणि सोय सुधारली म्हणून माझ्या इस्त्रीच्या टेबलाला कडेनं लाकडी पट्टी ठोकण्यात आली आहे. मी पडू नये म्हणून.

तरी माननीय अधिकारी महोदयांस सविनय विनंती की, सदर अर्जदारास त्याच्या जन्मदात्या आईचा मुलगा म्हणून मान्यता देण्यात यावी, भुंगे अन्यत्र स्थलांतरित झाल्यास त्या खोलीसाठी त्याचा प्राधान्यानं विचार व्हावा, आणि याबाबत निर्णय होईपर्यंत आठवड्यातून किमान एकदा त्यास न्याहारी बसून खाण्याची परवानगी मिळावी. कळावे.