पहिल्या पंगतीची चिठ्ठी

दीनानाथ सरांच्या 'सोपं तत्त्वज्ञान' कट्ट्याला पहिल्या रविवारी सात माणसं आली, दुसऱ्या रविवारी चार आणि तिसऱ्या रविवारी अडीच. अर्धा माणूस म्हणजे वॉचमन. तो पंख्याखाली डुलकी काढायला आला होता आणि 'न्याय म्हणजे काय?' या प्रश्नावर त्याने घोरून उत्तर दिलं होतं.

सोमवारी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी कमळाकर सरांच्या दारात उभे राहिले.

"सर, राग मानू नका. पुढच्या रविवारी दहा डोकी जमली तर हॉल तुमचा. नाही तर बायका झुंबासाठी मागतायत."

"झुंबानं माणूस विचार करायला लागतो का हो?"

"ते माहीत नाही सर. पण वीस जणींनी नावं दिलीत."

सरांचा चेहरा पडला. चौतीस वर्षं त्यांनी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं होतं, तेही अशा मुलांना, ज्यांनी बाकीचे विषय भरले म्हणून तत्त्वज्ञान घेतलं होतं. निदान निवृत्तीनंतर तरी आपलं बोलणं कुणीतरी आपणहून ऐकावं, एवढी एकच हौस त्यांना उरली होती. हॉल गेला की पुढचं आयुष्य खांदा कॉलनीतल्या गॅलरीत कबुतरं हाकलत काढायचं, हे उघड होतं.

"पुढच्या रविवारी सत्यनारायण आहे सोसायटीचा," सरांच्या पत्नी कुमुदवहिनी पालेभाजी निवडता निवडता म्हणाल्या. "आरती झाली की बोला. जेवणाआधी कोण उठून जाणार आहे? आणि ते ग्रंथातलं नको. जेवणावरच बोला. भूक सगळ्यांना कळते."

सरांना कल्पना इतकी आवडली की दुपारपर्यंत ती त्यांना स्वतःचीच वाटू लागली.

सोसायटीच्या सत्यनारायणाची एक जुनी रीत होती. पहिली पंगत पुरुषांची आणि मुलांची. बायका वाढणार, मग दुसऱ्या पंगतीला बसणार. तोवर मसालेभात निवलेला असे, भजी मऊ पडलेली असत आणि जिलेबी कालच्या निवडणुकीतल्या उमेदवारासारखी दिसेनाशी झालेली असे. शेवटी स्टीलची साठ ताटं भामा घासायची, कारण भामा इमारतीतल्या नऊ घरची भांडी घासायचीच, त्यात साठ ताटं ती काय. ही रीत कुणी ठरवली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हाच तो अन्याय!" सर टेबलावर मूठ आपटून म्हणाले. "नियम नेहमी ज्यांना फायदा आहे तेच करतात. म्हणून आधी नियम ठरवायचा आणि मग चिठ्ठी काढायची. आपल्या वाट्याला काय येणार हे माहीत नसलं की माणूस आपोआप न्यायानं वागतो!"

शनिवारी दुपारी दोघांनी बसून चिठ्ठ्या केल्या. काहींवर 'पहिली पंगत', काहींवर 'वाढप' आणि सहांवर 'भांडी'. सगळ्या चिठ्ठ्या लाडवांच्या डब्यात जायच्या होत्या. तेवढ्यात कुमुदवहिनी दूध बघायला आत गेल्या आणि सरांच्या डोळ्यांसमोर जिलेबी उभी राहिली. गरम, केशरी, पाक गळणारी जिलेबी. डॉक्टरांनी वर्षभर बंद केलेली आणि कुमुदवहिनींनी सत्यनारायणापुरती अर्धी मंजूर केलेली. दुसऱ्या पंगतीत तीही मिळायची नाही.

'प्रयोग करणाऱ्यानं प्रयोगाच्या बाहेर राहावं, हा तर शास्त्राचा नियमच आहे,' असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि 'पहिली पंगत'च्या एका चिठ्ठीचा कोपरा हळूच दुमडून ठेवला.

रविवारी आरती झाली. पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या, आचाऱ्याच्या कढईतून वास येत होता आणि अठ्ठेचाळीस भुकेली माणसं सरांकडे डोळे लावून बसली होती. एवढा श्रोतृवर्ग सरांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांना गहिवरून आलं.

"समजा, आपल्यासमोर एक पडदा आहे," त्यांनी सुरुवात केली. "पलीकडे गेल्यावर तुम्ही पुरुष असाल की बाई, मालक असाल की नोकर, काही माहीत नाही. मग कोणता नियम कराल?"

"मास्तर, पडद्यामागं जेवान हाय ना?" काशीरामशेठ म्हणाले. ज्यांच्या भातखाचरांवर ही सोसायटी उभी राहिली, ते हे शेठ. "मंग लवकर उघडा."

सगळे हसले. पण सरांनी चिठ्ठ्यांची युक्ती सांगताच बायकांचे हात असे वर गेले की पुरुषांनाही करावेच लागले. ठराव एकमतानं मंजूर झाला. सर डबा उघडणार, तोच काशीरामशेठांची बायको मालूबाय उठली.

"मास्तर, भामाची चिठ्ठी हाय का त्याच्यात?"

सर गडबडले. भामा नळापाशी पदर खोचून ताटांची वाट बघत बसली होती.

"अहो, ती तर भांड्यांसाठीच आलीय," कमळाकर म्हणाले.

"कुनी सांगितलं? गो भामा, तू कामाला आलीस का पूजेला?"

भामा उभी राहिली. "काय माहीत बाई. दरवर्षी बोलावतात तर येते. कशाला बोलावलं, ते मी कधी विचारलं नाही."

चौतीस वर्षं न्याय शिकवूनही हा प्रश्न आपल्याला सुचला नाही, याची सरांना चांगलीच लाज वाटली. कुमुदवहिनींनी मात्र कागदाचा तुकडा घेतला, त्यावर 'वाढप' लिहिलं, घडी घातली, घडीचा एक कोपरा नीट दुमडला आणि चिठ्ठी डब्यात टाकली.

कोपरा? सरांनी चटकन डबा जवळ ओढला.

"वक्त्यानं सुरुवात करावी!" ते घाईघाईनं म्हणाले आणि त्यांनी डब्यात हात घातला. पहिली चिठ्ठी लागली, तिचा कोपरा दुमडलेला. दुसरीचाही दुमडलेला. त्यांनी तळापर्यंत चाचपलं. झाडून सगळ्यांचे कोपरे दुमडलेले होते.

"मास्तर, मासा धरता काय?" काशीरामशेठ ओरडले. "काय गावंल ते वर काढा!"

सरांनी डोळे मिटून एक चिठ्ठी काढली. कमळाकरांनी ती मोठ्यानं वाचली, "भांडी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा सर! बोले तैसा चाले!" कुणीतरी म्हणालं. सरांना तक्रार करायची होती, पण तक्रार काय करणार? कोपरे दुमडलेत, हे त्यांना कळलंच कसं, असं कुणी विचारलं असतं तर कट्टा त्याच क्षणी संपला असता. ते उसनं हसले.

मग डबा फिरला आणि घोटाळ्यांना सुरुवात झाली. कुमुदवहिनी पहिल्या पंगतीत आल्या. मालूबाय आणि भामाही शेजारी शेजारी तिथंच. कमळाकर आणि काशीरामशेठांना वाढप आलं. कमळाकरांनी जन्मात पळी धरली नव्हती. त्यांनी मठ्ठा वाटी सोडून बाकी सगळीकडे वाढला. पूजा सांगायला आलेल्या गुरुजींच्या उपरण्यावरही थोडा वाढला. काशीरामशेठांनी मात्र हळदीच्या मांडवातलं वाढप पाहिलेलं. पाहुणा नको म्हणतो म्हणजे त्याला लाज वाटते, अशी त्यांची पक्की समजूत.

"घ्या वो वहिनी! येवढीशी काय? आमच्यात एवढी तर मांजराला घालतात!" असं म्हणत त्यांनी पहिल्या रांगेत जिलेबीचे ढीग लावले. मसालेभाताचं पातेलं अर्ध्या रांगेतच तळ दाखवू लागलं.

"शेठ, जरा बेतानं! मागे आम्ही आहोत," कमळाकर कळवळले.

"सत्यनारायनाच्या जेवनात कसला बेत?"

सर खांबाला टेकून बघत होते. कुमुदवहिनींनी गरम जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. छत्तीस वर्षांच्या संसारात सरांनी तिला गरम जेवताना किती वेळा पाहिलं होतं? त्यांनी आठवून पाहिलं. लग्नाच्या पंगतीत एकदा, आणि बाळंतपणात माहेरी असताना जेवली असेल, तर ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या पंगतीला गार भात, दोन-दोन भजी आणि उरलेला मठ्ठा आला.

"हा काय प्रकार आहे?" कमळाकर भडकले. "भात गार! जिलेबी नाही! हा सरळसरळ अन्याय आहे!"

"दरवर्षी असंच असतं," त्यांची बायको सुमती पलीकडून म्हणाली.

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्ही ढेकर देत होतात."

हशा पिकला. कमळाकरांनी मान खाली घालून गार भात कालवला.

'भांडी' लागलेले बाकीचे पाच जण पातेली घेऊन मागच्या नळाकडे गेले आणि सर ताटांसाठी पुढच्या नळाशी बसले. पहिलं ताट त्यांनी इतकं विचारपूर्वक घासलं की भामाला राहवेना. "सर, असं एकेक घासलंत तर पुढचा सत्यनारायण इथंच कराल. आधी सगळ्यांना साबण लावून घ्या." त्यांनी तसं केलं. भामा स्टुलावर बसून सूचना देत राहिली, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच सरांना कुणीतरी काहीतरी मन लावून शिकवत होतं.

तेवढ्यात कमळाकर आले. "सर, हॉल तुमचाच. बायका म्हणतात झुंबा सकाळी, कट्टा संध्याकाळी. पण पुढचा विषय सुमती ठरवणार."

"कोणता?"

"सांगत नाही ती," कमळाकर काळजीनं म्हणाले आणि गेले.

सरांना आनंदानं उडी मारावीशी वाटली, पण हाताला साबण होता. भामानं पदराआडून कागदात गुंडाळलेली एक जिलेबी काढून नळाच्या कट्ट्यावर ठेवली.

"घ्या. भांडी घासणाऱ्याला कधी उरत नाही, मला माहितीये. म्हणून काढून ठेवली."

सरांनी मान हलवली. भामा गेली आणि कुमुदवहिनी ताटं पुसायला येऊन बसल्या.

"कुमुद," सर हलकेच म्हणाले, "त्या चिठ्ठ्यांचे कोपरे..."

"हो, ते होय?" त्या ताट पुसतच म्हणाल्या. "काल डब्यात भरताना बघितलं, एकीचाच कोपरा दुमडलेला. म्हटलं, तुम्ही घाईत बाकीच्यांचे विसरलात. मग बसून सगळ्यांचे दुमडले. एकीलाच वेगळा न्याय कशाला?"

सरांनी एक ताट दोनदा घासलं.

कुमुदवहिनींनी जिलेबी मोडली. एक तुकडा मोठा झाला, एक लहान. दोन्ही मुठी त्यांनी पदराखाली लपवल्या.

"अर्धीच मंजूर आहे. डोळे मिटा आणि सांगा. डावी की उजवी?"

सरांनी त्या दिवशी पहिल्यांदाच प्रामाणिकपणे डोळे घट्ट मिटले. "डावी."

डाव्या मुठीत लहान तुकडा होता. जिलेबी केव्हाच गार झाली होती. सरांनी ती तक्रार न करता खाल्ली आणि पुढचं ताट ओढलं.