चूक दाखय, चाय पी

पेडणेकरकाका भाकरीचा पहिला तुकडा मोडण्याआधी तिच्या बरोबर मध्यावर कंपासाचे टोक टेकवत. कंपास लाकडी, हातभर लांब आणि त्यांनी स्वतःच बनवलेला. भाकरीवर खुणा होत, खुणांवरून सुरी फिरे आणि ताटात तीन सारखे तुकडे पडत. मग ते समोरच्याला समजावून सांगत. समोर कोणी नसले तर आमटीला सांगत.

"सगळ्या भाकरीचे तीन भाग होतत. अर्ध्या भाकरीचे होतत. चतकोराचेय होतत. पण भाकरीचो सहावो भाग घे, आणि त्येचे तीन कर बघू!"

तो सहावा भाग म्हणजे साठ अंशांचा कोन. नुसती पट्टी आणि कंपास वापरून त्याचे तीन समान भाग करायचे, एवढेच काकांना हवे होते. कोणाला गावाकडे कौलारू घर हवे असते, कोणाला मुलीसाठी चांगले स्थळ हवे असते. काकांना वीस अंश हवे होते.

काका आमच्या करी रोडच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, चौतीस नंबरच्या खोलीत एकटेच राहत. मिलच्या सुतारखात्यात कामाला. बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेली, एवढीच त्यांच्याबद्दलची माहिती चाळीला होती. या विद्येत पट्टीने मोजायचे नसते, नुसती सरळ रेघ मारायची असते. म्हणून त्यांनी नवी कोरी फूटपट्टी आणून तिच्यावरचे आकडे रंध्याने तासून काढले होते. "आकडे दिसले की मन चळता," असे म्हणत.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती ते हे दिवस. दिल्लीहून रोज नवी बातमी यायची. त्यातच एक बातमी आली की राज्याचे तीन तुकडे करणार: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई वेगळी. चाळीत चूल पेटली नाही तरी चालेल, पण सभा झालीच पाहिजे, असे वातावरण होते. नेमका त्याच दिवशी काकांचा कोन सुटला म्हणे. त्यांनी चाळीच्या फळ्यावर सभेच्या सूचनेखाली खडूने लिहिले:

'समान तीन भाग करणे शक्य आहे. ज्यास शंका असेल त्याने खोली नं. ३४ मध्ये यावे. वि. पेडणेकर.'

तासाभरात चाळीस माणसे जिना चढून वर आली. पुढे आमचे पुढारी तावडे. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" या गर्जनेने खोलीतली भांडी वाजू लागली. काकांनी दार उघडले. भूमितीत रस असलेली एवढी माणसे करी रोडला राहतात हे त्यांना ठाऊकच नव्हते.

"येवा, येवा! बसा. शंका एकेकान इचारा."

"पेडणेकर," तावडे गरजले, "मुंबई कोणाची ते आधी सांगा!"

"ता मागीर बघूया. तुमी पट्टीचा ह्या टोक धरा."

तावड्यांनी ते टोक का धरले, हे त्यांना पुढे कधीच सांगता आले नाही. पण धरले खरे. पाऊण तासाने बाहेर उरलेली माणसे घोषणा देऊन थकली होती आणि आतून तावड्यांचा आवाज येत होता, "अहो पेडणेकर, हा कंस तिथून जातच नाही! केसभर बाहेर आहे!" काकांनी वाकून पाहिले, हसले आणि स्टोव्ह पेटवला. "चूक दाखवलात. आता चाय पिवा."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर खुलाशाची ओळ आली: 'वरील मजकूर फक्त कोनास लागू. महाराष्ट्रास नाही.' शिवाय प्रायश्चित्त म्हणून काकांनी मोर्चासाठी साठ फलकांच्या काठ्या करून दिल्या. प्रत्येक काठी फलकाला काटकोनात बसली आहे की नाही, हे गुण्या लावून तपासत बसले आणि मोर्चा निघायला उशीर झाला.

आता माझी गोष्ट. कॉलेजात गेलेला मी चाळीतला दुसरा मुलगा. पहिला परत आला होता. गणित घेऊन बी.ए. करत होतो आणि भूमितीने माझा घाम काढला होता. जुनी भूमिती कळली असे वाटेपर्यंत नवी सुरू झाली. सहामाहीत शंभरापैकी अठरा मिळाले. वडील मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. त्यांनी आवाज न चढवता सांगितले, "वार्षिकला पुन्हा असाच दिवा लावलास तर जॉबरशी बोलून ठेवलंय. बदली कामगार म्हणून लाग." ते रागाने बोलले असते तर बरे झाले असते.

त्याच आठवड्यात काकांनी मला जिन्यात गाठले. "आयतवारी वर ये. नवीन सिद्धता केलंय. चूक दाखय आणि चाय पी."

मी गेलो तो चहासाठी. खाकी कागदावर सुबक आकृती होती. काकांनी जीवेचे तीन सारखे भाग केले होते आणि त्यावरून कोनाचेही तीन भाग झाले असे ठोकून दिले होते. चूक अर्ध्या तासात सापडली. पुढच्या रविवारी नवा कागद. या वेळी चार बिंदू एकाच वर्तुळावर आहेत असे गृहीत धरलेले. तिसऱ्या रविवारी तीन बिंदू एका रेषेत आहेत असे नुसतेच म्हटलेले. मी घरी येऊन पुस्तके उलथीपालथी करायचो, कारण चूक आहे एवढे म्हणून भागत नसे. "अंदाजान नको. सिद्ध कर," असे म्हणून काका मांडी घालून बसत. पुस्तक माझ्याकडून मागून घेत. त्यांना इंग्रजी येत नव्हते. ते आकृत्या पाहत, एकेक पान उलटून, लग्नाचा आल्बम पाहावा तसे.

आणि मग एके दिवशी वर्गात प्रोफेसरांनी सहज सांगितले, की पट्टी आणि कंपास घेऊन साठ अंशांच्या कोनाचे तीन समान भाग होत नाहीत. अजून जमले नाही असे नव्हे; कधीच जमणार नाही, हे गेल्या शतकातच सिद्ध झाले आहे. सारा वर्ग वहीत उतरवून घेत होता. माझ्या डोळ्यांपुढे ती तासलेली फूटपट्टी आली.

त्या रविवारी सांगायचे ठरवून वर गेलो. काकांनी कागद पसरला, मी चूक दाखवली, चहा प्यालो आणि खाली आलो. पुढच्या रविवारीही तेच. याला मी दया म्हणत होतो, पण खरे तर मला धीर होत नव्हता.

परीक्षा झाली. भूमितीच्या पेपरात पहिलाच प्रश्न तीन बिंदू एका रेषेत असल्याचे सिद्ध करा, असा. तो मी पेडणेकरकाकांशी भांडल्यासारखा सोडवला. एकाहत्तर गुण मिळाले. वडिलांनी पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आधी चौतीस नंबरला दे."

पेढा काकांच्या हातावर ठेवला आणि माझ्या तोंडून निघून गेले, "काका, तो कोन होत नाही. कधीच होणार नाही. सिद्ध झालंय."

काकांनी पेढा खाल्ला. "माका म्हायत असा."

"कधीपासून?"

"बारा वर्सां झाली. एका कालेजात फळे बसवूक गेल्लंय. थयल्या प्रोफेसरांनी सांगल्यानी."

"मग हे सगळे कागद?"

"तुझो बापूस बोल्लो, झील जॉमेट्रीत बुडता. तुका शिकवूक मी कोण? सातवी नापास. पण चुका माका करूक येतत. तुझ्या पुस्तकातली आकृती बघायची, आणि खंय खोटी करूची ता ठरवायचा."

"आणि माझ्या आधीचे? तावड्यांच्या वेळचे?"

काका बराच वेळ स्टोव्हला पंप मारत राहिले.

"बरोबर गणित बघूक कोण येता रे? चूक दाखवूक मात्र माणूस तीन जिने चढान येता."

मला रडू आले. ते दिसू नये म्हणून मी तिथला एक जुना कागद उचलून चूक शोधू लागलो, आणि ती काही मला दिसेना.

पुढे मला नोकरी लागली. पहिल्याच रविवारी मी खाकी कागद घेऊन चौतीस नंबरला गेलो. आदल्या दिवशी खपून साठ अंशांच्या कोनाचे तीन भाग मीच केले होते. कागद त्यांच्यापुढे पसरला आणि म्हणालो, "काका, चूक दाखवा. चहा मी करतो."

काकांनी चष्मा पुसला. चूक पहिल्याच ओळीत होती आणि ती त्यांना बसल्या बसल्या दिसली असणार. पण ते दिवेलागणीपर्यंत शोधत होते.