तिसरी पिन

आमचे रज्जाकभाई वायरमन कुणाच्या तब्येतीची चौकशी करत नाहीत. लग्नाच्या मांडवात भेटोत की ओतूरच्या बाजारात, पहिला प्रश्न ठरलेला: "वैनी, खड्ड्याला पाणी घातलं का?"

खड्डा आमच्या परसातला, अर्थिंगचा. तो कसा आला हे सांगताना माझीच अब्रू जाते; पण आता आजी झाले, जाऊ दे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी लेकीच्या शिक्षणासाठी घरात कॉम्प्युटर आला. त्याच्या प्लगला पिना तीन, आमच्या जुन्या बोर्डाला भोकं दोन. तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजायचे. वरची जाड पिन करवतीच्या पात्यानं कापली, प्लग बसवला. दसऱ्याला ओल्या बोटानं त्या पत्र्याच्या डब्याला कुंकू लावायला गेले, तर असा झटका बसला की करंडा उडाला. मी गल्लीभर सांगत सुटले, "यंत्राला सोवळं लागतं गं!" लेकीला पाटावर पाय ठेवून बसवायला लागले. ती न्हाऊन ओल्या केसांनीच टाइप करायची.

शेवटी रज्जाकभाईंना बोलावलं. प्लग बघून ते मटकन खालीच बसले.

"पिन कुटंय?"

मी ऐटीत डबीतून काढून दिली.

"वैनी, करंटला जमिनीत जायची वाट व्हती, ती तुमी कापली. आता त्यो पोरीतून जाणार."

त्यांनी त्याच दिवशी खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं, बोर्ड बदलला. "खड्डा वाळला तर वाट बंद, पाणी घालत जा," असं बजावलं. पिन मात्र खिशात टाकली आणि बाजारात ज्याला त्याला दाखवली, "ही आमच्या वैनीची कारागिरी!" चार महिने भाजी आणायला मी नवऱ्याला धाडलं.

एका उन्हाळ्यात पाहते तर रज्जाकभाई स्वतःच आमच्या खड्ड्यात बादली ओतताहेत. मी फणकारले, "आधी माझी पिन द्या परत!"

त्यांनी खिसा उलटा केला. हातावर दोन पिना. एक माझी, दुसरी जुनी, काळी पडलेली.

"ही कुणाची? हिची नाही कधी चेष्टा केलीत?"

"आमच्या घरची. इस्त्रीची." ते पाण्याकडे बघत राहिले. "सकिनाला ईदच्या कपड्यांची लई घाई व्हती, तिनंच कापली. मी लोकांच्या वायरी जोडत व्हतो."

सकिना म्हणजे त्यांची बायको. जुन्नरहून ते ओतूरला एकटेच का आले, हे मला त्या दिवशी कळलं. मी पिन मागितली नाही. बादली तेवढी हातातून घेतली.

माझी लेक आता दोन पोरांची आई आहे. मांडवात रज्जाकभाई दिसले, की त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच सांगते, "घातलं हो, भाऊ. दोन बादल्या."