पत्रात जोर हवा

मुलांना सरकारी शाळेचं महत्त्व पटवून देणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. बावीस वर्षं तिथेच भाषा शिकवत होतो. त्यामुळे मुख्याध्यापिकाबाईंनी मला स्टाफरूममध्ये गाठलं, तेव्हा मी जराही बिचकलो नाही.

"सर, दहावीत एकवीसच मुलं उरलीत. विसाच्या खाली गेलो की वर्ग बंद, पाठोपाठ शाळेला टाळं. त्यात दोघांनी दाखले मागितलेत. बोला काहीतरी."

"बाई, एका तासाचं काम."

गळक्या छताखालची बादली ओलांडून मी फळ्यापाशी गेलो आणि विचारलं, "सांगा, सरकारी शाळा कशासाठी हवी?"

"घराजवळ आहे म्हणून."

"खासगीत घेत नाहीत म्हणून."

"इथे कुणी काही विचारत नाही, सर."

दहा मिनिटांत चर्चेचं पार भजं झालं. मी आवाज चढवला. "अरे, ही शाळा लोकांची आहे. म्हणजे तुमची आहे!"

तेवढ्यात वकीलबाई उठली. हे नाव आम्ही शिक्षकांनीच ठेवलेलं, कारण उत्तर मिळाल्याशिवाय ही मुलगी खाली बसत नसे. "सर, मला तर हीच शाळा आहे. दुसरी सात किलोमीटरवर, तिथे घरचे पाठवायचे नाहीत. पण आमची आहे तर गळक्या छताचं आम्ही काय करायचं?"

"तक्रार करायची. लेखी. शिक्षणाधिकाऱ्यांकडे."

"ते वाचतात?"

"चांगलं लिहिलं तर वाचतात."

मग काय विचारता! सगळा वर्ग पत्रावर तुटून पडला. दाखले मागणारे दोघं तर समासावरून भांडत होते, दाखल्याचं नावही काढेनात. मी स्टाफरूममध्ये कॉलर ताठ करून फिरलो.

तिसऱ्या दिवशी पत्र तपासायला माझ्याकडे आलं. मुद्देसूद, नेटकं. फक्त एक वाक्य खटकलं: 'छत दोन ठिकाणी थोडे गळते.'

"थोडे? असं मिळमिळीत लिहिल्यावर कोण येणार? पत्रात जोर हवा." मी लाल पेनाने ते खोडून वर लिहिलं, 'छत कोणत्याही क्षणी आमच्या डोक्यावर कोसळू शकते.'

"पण सर, ते कोसळणार नाहीये," वकीलबाई म्हणाली.

"अगं, याला शैली म्हणतात."

तिने पत्र सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि पाठवून दिलं.

आठवड्याभरात साहेब आले, सोबत इंजिनियर. इंजिनियरने काठीने छत ठोकून पाहिलं. एक खपलीही पडली नाही. "डांबर मारलं की झालं," तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला.

साहेबांनी मात्र खिशातून पत्र काढलं. "हे डोक्यावर कोसळण्याचं वाक्य कुणाचं?"

माझ्या डोळ्यांपुढे नोटीस नाचली, चौकशी नाचली. मुलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या.

"माझं," वकीलबाई उठून म्हणाली. "मी लिहिलं, साहेब."

साहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. "मग नाइलाज आहे. एखाद्या मास्तराने मारलेली थाप असती, तर दोन शब्द सुनावून फाइल मिटवली असती. पण एवढीशी मुलगी जीव मुठीत धरून शिकतेय, हे वाचल्यावर मी गप्प कसा बसू? इमारत आजपासून बंद. मुलं सात किलोमीटरवरच्या शाळेत जातील."

दोन शब्द! फक्त दोन शब्द ऐकून घ्यायचे होते मला. अजूनही वेळ गेली नव्हती. मी घसा खाकरला. साहेबांनी विचारलं, "काही म्हणायचंय, मास्तर?" मी म्हणालो, "पाणी आणू का, साहेब?"

आता मी त्या लांबच्या शाळेत शिकवतो. पगार तोच, छत नवंकोरं. एकवीसपैकी तेरा मुलं तिथे आली. वकीलबाई आली नाही.

मला झोप लागेना. परवा हिय्या करून तिच्या घरी गेलो. तिच्या वडिलांना खरं काय ते सांगायचं, साहेबांकडे जायचं, वाटेल ते ऐकून घ्यायचं, असं सगळं ठरवून गेलो होतो. दार तिनेच उघडलं. आत वडील बसले होते.

"बाबा, आमचे सर," ती म्हणाली. "बसा ना सर, चहा टाकते."

मी बसलो. चहा प्यायलो. चांगला झालाय म्हणालो, आणि घरी आलो.