रिकामा गेलेला निळा डबा

शौकतभाई मुलाणींनी मला पहिल्यांदा जेवायला बसवलं, तेव्हा माझ्या ताटावर 'चि. सौ. कां. सुनंदा हिच्या विवाहानिमित्त' असं कोरलेलं होतं. आमटीच्या वाटीवर तानाजी पवार होते. पाण्याचा तांब्या कै. दगडूबाईंच्या स्मरणार्थ होता. मी जरा बिचकूनच विचारलं, "भाई, तुमच्या नावाचं एकही भांडं नाही?"

त्यांनी ऐटीत दाराबाहेर हात फिरवला. "माझी समदी भायेर हायत, सर. निर्यात!"

तर असा हा गृहस्थ. सत्तरीला टेकलेला, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल आणि हातात कायम झाकलेली वाटी. पत्नी सात वर्षांपूर्वी गेलेली, दोन्ही मुलं पुण्यात नोकरीला. हे आटपाडीत एकटे, सोबतीला डाळिंबाची दोन एकर बाग. आमच्या गल्लीला ते देश म्हणायचे. "आठ घरं, एक बोअर, एक लिंबाचं झाड. ल्हान हाय, पण देश हाय. आन् मी परराष्ट्रमंत्री. बिनपगारी!"

या देशाचा कायदा एकच होता. आलेलं भांडं रिकामं परत जायचं नाही. तसा तो तुमच्याआमच्या घरीही असतो, पण आपण चिमूटभर साखर घालून मोकळे होतो. शौकतभाई मात्र आठ-आठ दिवस विचार करायचे. मेथीच्या भाजीला काय द्यावं? पवारांच्या घरून धपाटं आलं, त्याला शिरखुर्मा चालेल का? तोवर त्याच घरातून दुसरं भांडं आलेलं असायचं. असा त्यांचा व्यापार कधी मिटायचाच नाही.

मी मूळचा वाईचा, हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आटपाडीत बदलून आलो. पहिल्या संध्याकाळी आमचं सामान खोक्यांत होतं, गॅस जोडलेला नव्हता आणि गावात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. दार वाजलं. दारात वाटी आणि वाटीमागे शौकतभाई. "शेंगदाण्याची चटणी हाय, भाकरी मागनं येतीय. नव्या राष्ट्राला मान्यता द्याय आलोय." माझी बायको त्या दिवसात पहिल्यांदा हसली. ते मी कधी विसरणार नाही.

पुढे आमचं घर सोडून गल्लीतल्या सात घरांनी गट केला आणि डाळिंब हॉलंडला पाठवायचं ठरलं. तानाजी पवार गटाचे प्रमुख. आता कुठली फवारणी कधी केली ते वहीत लिहायचं, फळ मापात बसवायचं, पॅकिंगला केसांवर प्लास्टिकची टोपी घालायची. शौकतभाईंनी ती आपल्या टोपीवरच चढवली. "ल्हान देशाला मोठ्यांच्या रीती शिकाव्या लागत्यात," ते गंभीरपणे म्हणाले. "मग हळूहळू त्यास्नी आपल्या शिकवायच्या."

या दुसऱ्या वाक्याकडे आम्ही कुणी लक्ष दिलं नाही, तिथं चुकलं.

माल बघायला हॉलंडहून यानसाहेब आले. उंच, लाजरे, चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी बोट चाटणारे. जाताना त्यांनी शौकतभाईंना बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा दिला. बिस्किटं गल्लीत वाटून झाली. डबा मांडणीवर राहिला. रिकामा! शौकतभाईंची झोपच उडाली.

दोन महिन्यांनी गल्लीचा पहिला कंटेनर बंदरावर पोचला. तपासणीत एक खोकं उघडलं आणि डाळिंबांच्या मधोमध निळा डबा निघाला. डब्यात लाल पूड. तळाशी कोरलेलं, 'शौकत इमाम मुलाणी, आटपाडी.' गुन्हेगार स्वतःचं नाव कोरून माल पाठवतो, असं त्या अधिकाऱ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असेल. चटणी तपासायला गेली, कंटेनर अडकला, ठरलेलं जहाज निघून गेलं. माल उशिरा पोचणार होता. यानसाहेब पुढच्या साली विचारतील की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि दुसरा खरेदीदार आमच्याकडे होता कुठे?

लिंबाखाली तानाजी कडाडले, "आवं, देश चालवताय का चटणीची गाडी? सात घरांचं वरीस घातलंसा की डब्यात!"

शौकतभाईंनी एकच विचारलं, "डब्याचं काय झालं?"

"चटणी काढून घेतली. डबा गेला फुडं मालासंगं."

"रिकामा?" ते मटकन खालीच बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीनं त्यांच्यावर बहिष्कार घातला. एकेक जण आला, शौकतभाईंची वाटी ओट्यावर ठेवली, रिकामी, आणि मांडणीवरून आपली घेऊन गेला. आमच्या घरातून मात्र माझ्या बायकोनं त्यांची वाटी हलू दिली नाही.

संध्याकाळी मी गेलो. मांडणी लखलखत होती. ताटं, वाट्या, पेले, सगळ्यांवर एकच नाव. शौकतभाई समोर ताट घेऊन बसले होते, जेवत मात्र नव्हते.

"सर, रोज जेवताना बरं असायचं. एका बाजूला तानाजी, एका बाजूला सुनंदा. दगडूबाईच्या तांब्यातनं पाणी प्यायचं. म्हातारी गेल्यावर तिच्या घरनं आल्याला." त्यांनी ताटावरच्या नावावरून बोट फिरवलं. "आज पयल्यांदा ह्या घरात मी एकटाच हाय."

परदेशी व्यापार, देश, मंत्रिपद या साऱ्या नाटकाला आम्ही इतकी वर्षं हसत होतो. मी घरी जाऊन कागद आणला. "सांगा भाई, यानसाहेबांना काय लिहू?"

माफी, माल, पुढची खरेदी, यातलं काहीच त्यांनी सांगितलं नाही. "लिवा, डबा रिकामा धाडायचा न्हवता. वाटंत चटणी काढून घेतली. आमच्याकडं असं करत न्हाईत. मनात काय ठेवू नगा." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं.

महिन्याभरानं कुरिअरनं तोच निळा डबा आला. आत यानसाहेबांच्या आईनं घरी भाजलेली बिस्किटं. सोबत पत्र: माल उशिरा आला, पण उत्तम निघाला, पुढच्या वर्षीही हवा. चटणीही हवी, मात्र कागदोपत्री नोंदवून. आणि डब्याच्या तळाशी, शौकतभाईंच्या नावाखाली, खिळ्यानं ओरखडल्यासारखी वेडीवाकडी अक्षरं. यानसाहेबांनी स्वतःचं नाव कोरलं होतं.

मी पत्र लिंबाखाली मोठ्यानं वाचलं. सगळे खाली बघत ऐकत होते. शौकतभाईंनी बिस्किटं वाटली, तानाजीला दोन जास्त, आणि लगेच काळजीत पडले. "आता पुन्हा चटणी कांडाय पायजे. लसूण सुदीक न्हाई घरात."

संध्याकाळी मी त्यांच्याकडेच बसलो होतो. दारात तानाजी उभे. हातात स्वतःच्या नावाची वाटी, काठोकाठ सोललेला लसूण.

"चटणीला लागंल," ते भिंतीकडं बघत पुटपुटले आणि वळले.

शौकतभाई घाईनं उठले. "थांब रं, वाटी रिकामी करून देतो."

"ऱ्हाऊ द्या," तानाजी पायरी उतरता उतरता म्हणाले. "हितंच ऱ्हाऊ द्या ती."