पारायण चालू आहे, दादा

मुलांनो, जरा सरकून बसा, म्हणजे मागच्यांनाही ऐकू येईल. एका जंगलात एकच पाणवठा होता आणि त्याच्या काठावरच वाघाची गुहा होती. पाण्याला गेलेला परत येत नसे. म्हणून बिचारे प्राणी पहाटेचं दव चाटून जगत.

पण त्यांच्याकडे एक पोथी होती. फार जुन्या काळच्या द्रष्ट्यांनी सांगितलेली. तिच्यात म्हटलं होतं, ‘एक निर्दोष जीव आपणहून गुहेत जाईल. वाघ त्याला मारील. तिसऱ्या दिवशी तो जिवंत बाहेर येईल. मग भिऊ नका, पोटभर पाणी प्या.’

पोथी सगळ्यांना तोंडपाठ होती. दव थोडं होतं, पण पाठांतर चोख.

एका वर्षी दवही पडेना. मगदा हरिणीचं पाडस तहानेनं मान टाकू लागलं. ते पाहून कळपातला काळवीट उठला. त्याला सगळे दादा म्हणत. तो आपणहून गुहेत गेला. वाघानं त्याला मारलं.

जंगल खूप रडलं. मग करकोचेबुवा म्हणाले, “दादासाठी पोथीचं पारायण धरू.”

दुःखात पारायण धरावंच, मनाला आधार होतो. समाप्तीपर्यंत आसन सोडायचं नाही, असं ठरलं. पाणी नव्हतं म्हणून संकल्प कोरडाच सोडला.

पाडसापायी मगदाला काही बसता आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती रानफुलं घेऊन गुहेपाशी गेली. आत दादाचा देह नव्हता! वाघ एका कोपऱ्यात कण्हत पडलेला. तोंडात एकही दात नाही.

“मगदा,” मागून हाक आली.

दादा उभा होता. मानेवर जखमेची खूण, पण डोळे तेच.

“सगळ्यांना बोलावून आण. तहानले असतील.”

मगदा धावत सुटली. “अहो, उठा! दादा जिवंत आहे! पाणी मोकळं झालं!”

“हळू गं!” साळूआत्या फिसकारली. ही साळिंदरांतली थोरली, पहिल्या ओळीत बसलेली. “अध्याय चाललाय.”

“आत्या, अध्यायात आहे तेच झालंय!”

“जागरणानं भास होतात, बाई. आणि झालं असतं, तर बुवांना आधी कळलं नसतं का? तुला बरं कळलं!”

मगदानं शेजारी सावलीत निजवलेल्या पाडसाकडे पाहिलं. त्याची जीभ बाहेर आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात दादा स्वतःच तिथे आला. बुवांनी वाचता वाचताच डोळ्यांनी खूण केली, बसा.

“अगदी दादासारखा दिसतोस रे,” साळूआत्या कुजबुजली.

“मीच आहे, आत्या. चल, पाणी पिऊ.”

“असशील. पण मध्येच उठलं तर पारायण खंडित होतं. तुझ्यासाठीच धरलंय ना? बस, प्रसाद घेऊनच जा.”

दादाला हसू आलं. रागावला मात्र नाही. तो शेवटच्या ओळीत बसला आणि आपल्यावरचा अध्याय त्यानं थोडा वेळ ऐकलाही. मग मगदाला हळूच म्हणाला, “पाडसाला उचल.”

दोघं पाणवठ्यावर गेली. पाडसानं आधी खुरानं पाणी हलवून पाहिलं. मग तोंड बुडवलं ते वर काढेचना. मगदा हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

इकडे बुवा घोगऱ्या आवाजात वाचत होते, ‘तिसऱ्या दिवशी तो जिवंत बाहेर येईल.’ सगळ्यांचे डोळे भरून आले. सगळ्यांनी हात जोडले.

“किती छान लिहिलंय, नाही?” साळूआत्या म्हणाली. तिच्या घशाला कोरड पडली होती.

पाणवठ्यावर मगदा म्हणाली, “दादा, ते काही येत नाहीत. आता निघायचं?”

“थोडं थांबू,” दादा म्हणाला. “त्यांचं वाचून होऊ दे.”

तात्पर्य: पोथीतलं खरं झालं, तरी आसन सोडण्याची घाई करू नये. पोथीतला थांबतो.